नापास भिंती

पंचवीस-तीस मुलं एकाच वेळी झोपवणं म्हणजे काय असतं, हे ज्याला ठाऊक नाही त्याने माझ्याशी प्रेमाबिमाच्या गोष्टी करू नयेत. एकीला थोपटावं तर दुसरा उठून बसतो. दुसऱ्याला दटावावं तर तिसऱ्याला शू येते. त्या दुपारी मी शेवटच्या पोराच्या पाठीवरून हळूच हात काढला, पदराने मान पुसली, आणि आता दोन घोट चहा मिळेल या आशेने उठणार — तेवढ्यात पलीकडच्या खोलीत टक... टक... टक सुरू झालं.

ऑगस्ट संपत आला होता. चौऱ्याऐंशी साल. नेरूळच्या त्या अर्धवट इमारतीला अजून दारं नव्हती. खिडक्यांच्या जागी आम्ही सिमेंटची रिकामी पोती टांगली होती, आणि खाडीकडच्या वाऱ्याने ती सारखी फडफडायची. त्या फडफडीत मुलं झोपायची. काँक्रीट मिक्सरच्या घरघरीतसुद्धा झोपायची. पण ही टकटक नवी होती. एक डोकं वर झालं... दुसरं झालं...

मी तणतणत पलीकडे गेले. एक उंच, सावळा माणूस भिंतीला कान लावून उभा होता. हातात छोटी हातोडी, कानामागे खडू.

"काय चाललंय?"

"शू..." तो मला म्हणाला. मला! "ऐकू द्या जरा."

"भिंत बोलते का तुमच्याशी?"

"बोलते ना. भरीव असली तर एक बोलते, पोकळ असली तर दुसरं."

"मग तिलाच विचारा, ही मुलं झोपवायला किती वेळ लागतो ते."

त्याने कान काढला. वळला. माझ्यामागे दारात तोवर रडणाऱ्यांची रांग लागली होती, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा इंजिनियर उतरला.

"मला वाटलं, फ्लॅट रिकामा आहे," तो म्हणाला.

"सगळ्यांनाच वाटतं."

त्यातली सगळ्यात मोठ्याने रडणारी, साइटवर राबणाऱ्या रखमाची धाकटी, मी उचलली आणि सरळ त्याच्या हातात दिली. त्याने हातोडी खिशात कोंबून तिला धरलं — चक्क नीट धरलं, मानेखाली हात देऊन. ती गप्प झाली. मग तिने त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर जे करायचं ते केलं. मला बरं वाटलं.

"मी मधुकर हिवराळे," तो ओल्या शर्टाकडे बघत म्हणाला. "ऑफिसचा नवा ज्युनिअर इंजिनियर."

"मी अरुणा गमरे. आणि दुपारी तीनच्या आत या इमारतीत टकटक झाली तर ती हातोडी मी खाडीत फेकून देईन."

तो हसला. मी नाही हसले. माझी आई म्हणते, हिच्या नाकावरच राग बसलेला असतो. असू दे. रागावण्यासारखं इतकं काही आजूबाजूला असताना जी माणसं शांत राहतात, त्यांचंच मला नवल वाटतं.

आता हे पाळणाघर म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं, आणि सांगतानाच माझं डोकं तापणार आहे. नवं शहर उभं करणारं सरकारी प्रकल्प कार्यालय, आमची 'अंगण' नावाची छोटी संस्था, आणि युनिव्हर्सिटीचा समाजकार्य विभाग — असे तिघे एकत्र आले होते. बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी काहीतरी करायचं म्हणून. करार झाला, हारतुरे झाले, फोटो निघाले. ऑफिसने जागा द्यायची, संस्थेने पाळणाघर चालवायचं, युनिव्हर्सिटीने विद्यार्थी पाठवायचे.

जागा कुठली, तर जी इमारत बांधून होतेय तिचाच तळमजल्यावरचा एक फ्लॅट. इमारत पुरी होऊन तिचा ताबा दिला की आम्ही सामान उचलायचं आणि पुढच्या अर्धवट इमारतीत जायचं. म्हणजे बघा — काम जितकं चांगलं आणि लवकर, तितक्या लवकर आम्ही रस्त्यावर. आणि काम करणारे कोण? त्याच मुलांचे आईबाप. दिवसभर राबून ते आपल्याच पोरांच्या डोक्यावरचं छप्पर काढून घेत होते. करार करणाऱ्या शहाण्यांपैकी एकालाही यात काही वावगं दिसलं नव्हतं.

त्यात ही सेक्टरमधली शेवटची इमारत. पुढच्या साइटवर नुसते खड्डे खणलेले. तिथला तळमजला उभा राहायला फेब्रुवारी उजाडणार होता. तोवर मुलांनी कुठे जायचं? पूर्वी कुठे असायची, ते मी पाहिलं होतं. रखमाने मोठ्या मुलीला लुगड्याच्या धडप्याने खांबाला बांधून ठेवलं होतं, मिक्सरपाशी जाऊ नये म्हणून. युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांनी त्याचा फोटो काढला होता. गाठ सोडली ती मी.

हिवराळे दुसऱ्या दिवशी आला तो तीन वाजून गेल्यावर. तिसऱ्या दिवशीही. आल्यावर दारातूनच विचारायचा, "झोपमोड होणार नाही ना?" आणि मी म्हणायचे, "झाली तर सांगेन. ऐकू येईलच तुम्हाला."

तो भिंतीवर टकटक करायचा, कान लावायचा, आणि जिथे पोकळ वाटेल तिथे खडूने फुली मारायचा. मुलांना तो खेळच झाला. सगळी मिळून भिंतींना कान लावून उभी. एकजण ओरडायचा, "सायेब, हितं पोकळ हाय," आणि हा गंभीर चेहऱ्याने तिथेही ऐकायचा.

फुल्या वाढत गेल्या. गणपती येऊन गेले, तरी इमारतीचा ताबा काही होईना. मला काय, बरंच होतं. मी त्याला चहा द्यायला लागले.

"हा चहा आहे?" पहिल्यांदा तो म्हणाला.

"का?"

"नाही... आमच्याकडं याला गरम पाणी म्हणतात."

"तुमच्याकडे म्हणजे?"

"जालन्याकडं. गाव लहान आहे, तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही कोकणातले, ना? भात खाणारे. म्हणून चहाही पातळ."

"भात खाणाऱ्यांच्या हातचा नको असेल तर ठेवा तो कप."

त्याने कप दोन्ही हातांनी धरून ठेवला. बोटं लांब होती त्याची, नखांत चुना. मी तिकडे बघतेय हे त्याने पाहिलं, आणि मी घाईने ओरडले — कुणावर तरी, आठवत नाही. कुठलं तरी पोर बिचारं उगाच दचकलं.

एकदा पाऊस असा कोसळत होता की काम बंद पडलं. पोत्यांतून तुषार आत येत होते, मुलं भेंडीच्या तुकड्यांचे ठसे उमटवत बसली होती. तेव्हा त्याने सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात त्याची आई खडी फोडायच्या कामावर होती, तोही तिच्यासोबत.

"संध्याकाळी खडीचा ढीग मापायचे," तो म्हणाला. "मापात बसला तर मजुरी. एकदा ढीग थोडा कमी भरला. कारकुनानं पायानं उधळून दिला, म्हणाला, पुन्हा रच. आई पुन्हा रचायला बसली... मी दगड उचलला होता मारायला. आईनं माझा हात धरला."

"मी नसता धरला," मी म्हटलं.

तो बघत राहिला माझ्याकडे. इतका वेळ, की मला पोतं नीट करायचं निमित्त काढून उठावं लागलं.

"तुम्ही रागावता तेव्हा ना..." तो मागून म्हणाला.

"काय?"

"काही नाही. तुमच्या चहाला रंग येतो."

अशा माणसावर रागवावं तरी कसं? मी प्रयत्न करत होते. रोज करत होते. आणि घरी वाशीला जाताना बसच्या खिडकीत बसून आपण कशाला हसतोय, हे शेजारच्या बाईला कळू नये म्हणून तोंडावर रुमाल धरत होते.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात रखमा मुलीला घ्यायला आली. मुलगी नेहमीसारखी झेपावली, पण रखमाने हात पुढे केले नाहीत. कोपराने तिला कडेवर ओढून घेऊ लागली.

"हात दाखव," मी म्हटलं.

"काय न्हाई ताई."

"रखमा, हात."

तळवे सिमेंटने खाल्ले होते. बोटांच्या पेरांना भेगा, भेगांत राखाडी भुकटी, आणि खाली लाल मांस.

"तिसऱ्या मजल्याचा गिलावा पुन्यांदा फोडायला लावला," ती म्हणाली. "दोन येळा झालं. सायबानं भित नापास केली का मुकादम म्हनतो फोडा. आमचं उक्तं काम हाय ना ताई. भित पास झाली तर मजुरी. नापास झाली तर फोडा, भरा, आन् पदरात काय न्हाई. ह्यो म्हैना नुस्ता उसनवारीवर चाललाय."

"पोपट काय म्हणतो?" पोपट तिचा नवरा, गिलाव्याचा मिस्त्री.

"त्ये काय म्हनायचेत. रातीला उठून बसत्यात. म्हनत्यात, पंधरा वर्सं थापी धरली, माजी भित कदी कुनी नापास केली नव्हती. माजा हातच ग्येला वाटतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलं बयाबाईवर, आमच्या मदतनीस बाईंवर, सोपवली आणि मी साइट ऑफिसकडे निघाले. साइट ऑफिस म्हणजे इमारतीसमोरची पक्क्या भिंतींची, पत्र्याच्या छपराची बैठी खोली. तो तिथे एकटाच नकाशा पसरून बसला होता.

"पास करा त्या भिंती," मी म्हटलं.

"कोणत्या?"

"ज्या तुम्ही नापास करत सुटलाय त्या. कुठे इतकी पोकळी सापडते तुम्हाला?"

तो हसला. उठला, दार लोटून घेतलं, आणि गुपित सांगावं तसा आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्हाला अजून कळलं नाही?"

"काय?"

"भिंती चांगल्या आहेत, अरुणा. पहिल्या दिवसापासून. पोपट मिस्त्रीसारखा हात अख्ख्या नेरूळमध्ये नाही." पहिल्यांदाच त्याने मला नुसतं अरुणा म्हटलं होतं. "भिंती पास झाल्या की ताबा. ताबा झाला की तुम्ही बाहेर. फेब्रुवारीपर्यंत पोरं कुठं जातील? म्हणून... मी आहे तोवर ही इमारत पुरी होत नाही."

आणि तो थांबला. खुशीत. शाबासकीची वाट बघत.

खोटं कशाला बोलू, एक क्षणभर माझ्या आत काहीतरी गोड हललं. कुणीतरी माझ्यासाठी अख्खी चार मजली इमारत अडवून धरली होती. पण तो क्षण गेला आणि मला रखमाचे तळवे दिसले.

"भिंत फोडायला कोण येतं?" मी विचारलं. "कंत्राटदार स्वतः येतो, छिन्नी घेऊन?"

"ते... नुकसान त्यानं सोसायचं असतं. तसं ठरलेलंच असतं."

"आणि तो सोसतो? लहानपणापासून अशी कामं बघत आलात, एक तरी कंत्राटदार सोसताना पाहिलात? उक्तं काम आहे ते. रखमाच्या हाताची सालं निघालीयेत. पोपटला वाटतंय त्याचा हात गेला. एवढा चांगला हात, तुम्हीच म्हणालात ना आत्ता? त्याला तुम्ही खोटं पाडलंत."

त्याने नकाशाची गुंडाळी करायला घेतली.

"गेला महिनाभर तुम्ही माझ्यावर जे प्रेम करत होतात, त्याची मजुरी रखमा देत होती."

शब्द निघून गेला. प्रेम. मीच म्हटला होता, तोही ओरडून. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता, आणि मला तिथेच थांबायला हवं होतं. पण मी थांबणाऱ्यांतली नाही.

"तुमच्या आईचा ढीग ज्याने पायाने उधळला, तो कारकून आठवतो ना? आज त्याच्या जागी कोण उभं आहे ते बघा जरा."

मी बाहेर पडले, आणि इमारतीच्या मागे जाऊन वाळूच्या ढिगापाशी रडले. रागाने रडले. त्याच्या रागाने, माझ्या रागाने, आणि तो माणूस मला हवा आहे याच्या रागाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या फुल्या पुसलेल्या होत्या. इमारत पास. दुपारपर्यंत आम्हाला निरोप आला: आठवड्याभरात फ्लॅट रिकामा करा. जे मागायला गेले होते ते मिळालं होतं, आणि मुलांना छप्पर उरलं नव्हतं. यावर कुणावर रागवायचं तेच समजेना, तेव्हा मी सगळ्यांवर रागावले.

फोडलेल्या भिंती तेवढ्या भरायच्या राहिल्या होत्या. रविवारी मी खेळणी बांधायला साइटवर गेले, तर रखमा तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून हाका मारायला लागली. "ताई, वर या. येऊन बगा तर खरं."

वर हिवराळे गिलावा करत होता. बनियनवर, गुडघ्यापर्यंत सिमेंटने माखलेला. पोपट शेजारी उकिडवा बसून बिडी ओढत होता आणि त्याला सांगत होता, "सायेब, थापी अशी न्हाई. मनगट सैल सोडा. भाकरीला पीठ लावताय का?" रखमा पाय पसरून बसली होती, हाताला हळद-तेलाच्या पट्ट्या. तिला त्याने सिमेंटच्या मालाला हात लावू दिला नव्हता. त्याची स्वतःची बोटं मात्र फुटलेली होती.

मला बघून तो उभा राहिला. मी म्हटलं, "थांबू नका. माल सुकेल."

पोपटने उठून त्याच्या भिंतीवर लाकडी पट्टी फिरवली, मान वाकडी करून पाहिलं. "मी सायेब असतो तर नापास केली असती," तो म्हणाला, आणि त्या महिन्यात पहिल्यांदा त्याला हसताना मी पाहिलं. मलाही हसू आलं. पण मी हिवराळेशी बोलले नाही.

बुधवारी तिन्ही पक्षांची बैठक होती, त्याच साइट ऑफिसात. पंखा, चहा, बिस्किटं. ऑफिसचे मोठे साहेब, आमच्या संस्थेच्या नंदिनीताई, आणि युनिव्हर्सिटीच्या जयमाला मॅडम. मला नंदिनीताईंनी 'माहिती द्यायला' म्हणून बसवलं होतं. हिवराळे दाराशी उभा.

साहेबांनी सुरुवातच समारोपाने केली. उपक्रम अत्यंत यशस्वी झाला, असं म्हणाले. सहकार्याचा आदर्श वगैरे. "पुढची साइट तयार झाली की पुन्हा बघू. शेवटी ही मजुरांची वस्ती तात्पुरती असते. आज इथे, उद्या तिथे. तात्पुरत्या लोकांसाठी कायमची सोय कशी करणार?"

नंदिनीताईंनी टेबलाखालून माझा हात दाबला. म्हणजे गप्प बस. मी हात सोडवून घेतला.

"साहेब, तुमची बदली इथे कधी झाली?"

"मागच्या वर्षी. का?"

"रखमा सात वर्षं इथे आहे. आधी वाशीत, मग इथे. माझे आई-बाबा ज्या फ्लॅटमध्ये राहतात, त्याच्या विटा तिने वाहिल्यात. मग तात्पुरतं कोण?"

कुणीच बिस्किटाला हात लावला नाही. साहेब खाकरले. "बाई, भावना समजते. पण जागा आणायची कुठून?"

"सर," दारातून आवाज आला. "मला बोलायचंय."

"तुम्ही कशाला, हिवराळे?"

"त्या इमारतीच्या भिंती मी खोट्या नापास केल्या." "काम उत्तम होतं. पाळणाघर हलू नये म्हणून मी ते अडवलं. त्यात मजुरांचं काम फुकट गेलं. दोष माझा आहे, त्यांचा नाही. त्यांना त्याची मजुरी मिळाली पाहिजे. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा." मग तो एकदम गावच्या बोलीवर आला. "आन् जागेचं म्हणाल तर, ही खोली हाय की. पुढची साइट पुरी होईस्तोवर ही हलत नाही. पोरं इथं बसू द्या."

साहेबांनी खोलीभर पाहिलं. पंख्याकडे पाहिलं. "आणि इंजिनियर कुठे बसणार?"

"जशी आजपर्यंत पोरं बसली तसं. पुढच्या साइटच्या खड्ड्यांपाशी. पोती टांगून."

मला वाटलं, साहेब आता त्याला बाहेर काढणार. त्यांचा चेहरा तसाच झाला होता. पण जयमाला मॅडम, ज्या आजवर मला नुसत्या सुती साडी आणि कॅमेरा वाटायच्या, त्या म्हणाल्या, "आमच्या विभागाचा या उपक्रमावरचा अहवाल मी या आठवड्यात पूर्ण करतेय. त्यात हा प्रस्ताव आहे, असं लिहू का? आणि तो मान्य झाला, की अमान्य?" मग माझ्याकडे वळून, थोड्या खालच्या आवाजात, "विद्यार्थी यापुढे मुलं सांभाळायलाच येतील. फोटो पुष्कळ झाले."

साहेब म्हणाले, मान्य. दात-ओठ खात म्हणाले, पण म्हणाले. मजुरी देऊ असंही म्हणाले, पण ते आश्वासन तोंडीच राहिलं असतं. शनिवारी रखमाच मुकादमासमोर जाऊन बसली, पट्टी बांधलेले हात मांडीवर ठेवून, आणि मिळेपर्यंत उठली नाही.

सोमवारी आम्ही साइट ऑफिसात सामान लावलं. मुलं पंख्याखाली उताणी पडून वर बघत राहिली. मी दाराकडे बघत होते. मंगळवारी बघितलं. बुधवारी दुपारी पोपट दारात आला.

"ताई, सायेब चालले. बदली झाली उरनच्या साइटला. आत्ताच पेटी घिऊन रस्त्याला गेले."

"मला नाही सांगितलं."

"कुनालाच न्हाई सांगितलं."

मी बयाबाईला हाक मारली आणि धावले. पायात चपला होत्या की नाही, आठवत नाही. परतीचा पाऊस भुरभुरत होता, ऊनही होतं, आणि रस्त्याच्या कडेला, एस.टी.च्या थांब्यावर तो पत्र्याची पेटी घेऊन उभा होता. तीच लांब बोटं, पेरांना अजून खपल्या. मला बघून त्याने पेटी खाली ठेवली.

"असं चोरासारखं जातात?" मी म्हटलं. धाप लागली होती, तरी ओरडायचं सोडलं नाही.

"कोणत्या तोंडानं सांगणार होतो? तुम्ही त्या दिवशी जे बोललात..."

"खरं बोलले."

"खरंच बोललात. म्हणूनच जातोय गुपचूप."

"आधी माझ्यासाठी इमारत अडवलीत, मला न विचारता. रखमाला न विचारता. ती पहिली चूक. आणि आता निघालात, तेही न विचारता. कुणी सांगितलं तुम्हाला, मला चालणार आहे म्हणून? सगळं स्वतःच ठरवता. तुमच्यात आणि तुमच्या साहेबांत फरक काय मग?"

पावसाचे थेंब त्याच्या पापण्यांवर होते. त्याने ते पुसले नाहीत. लांबून एस.टी.चा लाल ठिपका मोठा होत होता.

"विचारू?" तो म्हणाला.

"विचारा."

"आत्ता? गाडी आली..."

"थांबेल. मी थांबवते."

मी खरंच रस्त्यात जाऊन हात आडवा केला. गाडी करकचून थांबली. तो पेटी विसरून माझ्यामागे आला आणि तिथेच, ड्रायव्हरच्या काचेसमोर म्हणाला, "माझ्यासंग संसार कराल का?"

"मी उरणला येणार नाही. माझी मुलं इथे आहेत."

"मी येऊन-जाऊन करीन. रोज."

"चहा असाच पातळ मिळेल."

"पिईन."

"आणि माझा राग जाणार नाही. कधीच जाणार नाही. हे सगळं असंच चालू असेपर्यंत तर नाहीच."

"जाऊ नये," तो म्हणाला. "मला तो लागतो. मी चुकलो तर कुणी सांगायचं?"

माझे डोळे भरून आले, म्हणून मी आणखी मोठ्याने ओरडले, "मग हो. हो म्हणतेय मी, ऐकू येतंय ना?"

कंडक्टरने दारातून अर्धं अंग बाहेर काढलं. गाडीतली सगळी डोकी खिडक्यांना लागली होती.

"ओ ताई," तो वैतागून म्हणाला, "गाडी खोळंबलीय. नवरा-बायकोचं भांडण घरी जाऊन करा ना."

"तेच ठरवतोय," मी त्याला म्हटलं. "दोन मिनिटं थांबा."